ळ नसलेल्या गावात

इंदूरच्या रामबागेत आमची चौथी पिढी नांदते आहे, आणि चारही पिढ्यांचं आडनाव मुळे. पण हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही, त्यामुळे आधार कार्डावर आम्ही झालो ‘मुले’. साठी उलटलेली मुले! (शेजारच्या काळेवहिनी सुखी. त्यांचं आडनाव हिंदीत गेलं तरी रंग बदलत नाही.)

तरी चाललं होतं. यंदा नातीच्या शाळेनं समग्र आयडी मागितला. मध्य प्रदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, आधारचे 12 आकडे आम्हाला पुरत नाहीत; राज्याचे आणखी 9 आहेत, शिवाय अख्ख्या कुटुंबाचे मिळून 8. त्याची ई-केवायसी करायची तर दोन्हीकडची नावं जुळायला हवीत. लग्नात आमच्या पत्रिकासुद्धा इतक्या काटेकोरपणे कुणी जुळवल्या नव्हत्या.

कोपऱ्यावरचा कियोस्कवाला मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, “आंटीजी, समग्र में मुले के पीछे वाय लगा है, आधार में नहीं है. और आधार में ये बीच में विनायक कौन है?”

“मेरे पति.”

“तो आपके नाम में क्या कर रहे हैं?”

संसाराच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

आधारवर नाव आयुष्यात 2 वेळाच बदलता येतं. त्यातली एक संधी मी मागे ह्यांना आत घेण्यात खर्च केली होती. उरलेली एक त्यांना बाहेर काढण्यात घालवायची? मग ठरलं, आधार राहू दे, समग्रच बदलू. ओटीपी गेला पुण्याला, मुलाच्या मोबाइलवर. तो मीटिंगमध्ये. दुसरा ओटीपी. मुलगा अजून मीटिंगमध्येच. तिसऱ्याला सूनबाईंनी फोन उचलला, म्हणून सुटले. अर्ज वॉर्डात गेला आणि चार दिवसांनी, चक्क, मंजूर होऊन आला.

प्रिंट हातात घेतली. इंग्रजी स्पेलिंग जुळलं होतं, वाय गेला होता. पण त्यावरून हिंदी नाव कॉम्प्युटरनं स्वतःच्या अकलेनं बनवलं होतं. आडनावाच्या जागी ‘म्यूल’. म्हणजे खेचर.

“भिया, ये क्या है?”

“मैच तो हो गया ना, आंटीजी!”

घरी ह्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारून, चष्मा लावून कागद वाचला. दोनदा वाचला.

“मधे माझं नाव मात्र अगदी बरोबर लिहिलंय हं,” म्हणाले.