तो व्हिडिओ आता पुरे

आज सकाळी मैत्रिणींच्या ग्रुपवर परत तोच व्हिडिओ. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलची 2023 ची सेमीफायनल, आयोवाविरुद्ध साउथ कॅरोलायना. साउथ कॅरोलायनाची रेव्हन जॉन्सन थ्री-पॉइंट लाइनबाहेर (जिथून बॉल आत गेला तर तीन पॉइंट) बॉल घेऊन उभी आहे आणि आयोवाची केटलिन क्लार्क तिच्या अंगावर जायचेही कष्ट घेत नाही. लांबूनच हात झटकते. मार शॉट, तुला काय मारायचाय तो. खाली हसून लोळणारे इमोजी.

काल लेकीची मॅच नसती तर मी गप्प बसले असते.

लेक नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये खेळते. काल तिच्याकडे बॉल आला की समोरच्या टीमची कोच साइडलाइनवरून ओरडायची, "सोडा तिला! मारू दे तिला!" एकदा नाही, चारदा. अख्ख्या जिमला ऐकू गेलं. पहिला शॉट तिने मारला, चुकला. त्यानंतर मारलाच नाही. समोर कुणी नसतानाही पास देत राहिली. घरी येताना गाडीत बुटाची लेस सोडायची, बांधायची, परत सोडायची. एक शब्द नाही.

हो, डिफेन्समध्ये असं करतात, माहितेय मला. जिचा नेम कच्चा, तिला मोकळं सोडतात. क्लार्कचंही चुकलं नव्हतं, त्या मॅचमध्ये 41 पॉइंट केलेत तिने. पण त्यावर वर्षानुवर्षं हसत बसायचं? ती रेव्हन कॉलेजात शिकत होती हो! त्या व्हिडिओनंतर बास्केटबॉल सोडावंसं वाटत होतं, हे तिने स्वतः सांगितलंय. तिथे कुणी इमोजी टाकले नाहीत.

आणि पुढचं कुणी का नाही फॉरवर्ड करत?

ती सेमीफायनल साउथ कॅरोलायना 77-73 हरली. त्याआधी 36 मॅच एकही न हरता आलेली टीम. सुरुवातीला उतरणाऱ्या पाचही जणी त्या सीझननंतर गेल्या. उरल्या त्या बेंचवरच्या, म्हणजे बदली म्हणून उतरणाऱ्या, आणि नव्या. डॉन स्टेली कोच. आणि पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी, कोण? हीच, हात झटकून सोडून दिलेली रेव्हन.

त्या टीमने 2023-24 मध्ये काय केलं? 38-0. अख्खा सीझन, एकही हार नाही. हे किती अवघड असतं याची कल्पना यावी म्हणून सांगते, 2015 मध्ये केंटकीची मुलांची टीम अशीच 38-0 वर पोचली होती आणि सेमीफायनलला विस्कॉन्सिनने त्यांना घरी पाठवलं. आणि या मुलींचं काही सगळं आरामात झालं नाही. टेनेसीविरुद्ध जेमतेम एक सेकंद उरलेला, दोन पॉइंटने मागे. बॉल कुणाकडे, तर कामिला कार्डोसोकडे. सहा फूट सात इंचाची सेंटर, बास्केटखाली खेळणारी, कॉलेजच्या मॅचमध्ये तोवर एकही थ्री न घातलेली. तिने मारला. बोर्डाला लागून आत. 74-73. मी सोफ्यावरून उठून ओरडले होते, शेजारच्या खोलीतून लेक धावत आली होती.

मग क्लीव्हलंडला फायनल, समोर परत आयोवा, परत क्लार्क. पहिल्या क्वार्टरमध्ये एकटीने 18 पॉइंट. मला वाटलं, झालं, परत तेच. पण साउथ कॅरोलायनाच्या बेंचने 37 पॉइंट केले, आयोवाच्या बेंचने शून्य. 87-75. लोक क्लार्कमुळे टीव्हीसमोर बसले, मान्य. महिलांची फायनल पहिल्यांदाच पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी पाहिली, त्यात तिचा वाटा मोठा आहे. पण जिंकल्या कोण?

रेव्हनचा नेम त्या दिवशीही लागत नव्हता. तरी ती क्लार्कच्या अंगाला चिकटून होती, सोडायलाच तयार नाही. आणि मध्यंतराच्या तोंडावर तिने क्लार्कच्या हातातून बॉल काढून घेतला आणि एकटी पळत जाऊन बास्केटमध्ये घातला. 49-46.

त्या कोचबाईंना मला हे दाखवायचंय. काल तिथेच जाऊन बोलायला हवं होतं. पण लेकीने माझी बाही धरली, "आई, नको ना." म्हणून थांबले. आत्ताही बोटं थरथरतायत टाइप करताना.

ग्रुपवरच्या सगळ्या जणी चांगल्या आहेत, मला माहितेय. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी सांगते, आपापल्या लेकी डोळ्यांसमोर आणा आणि मग ते इमोजी टाका.

दुपारी तिला शेजारी बसवून हात झटकलेला तो व्हिडिओ दाखवला. तिने तोंड फिरवलं. मग फायनलमधला तो बॉल हिसकावलेला तुकडा लावला. काही बोलली नाही. फोन माझ्या हातातून घेतला, मागे नेला, परत पाहिला. परत मागे नेला. "आई, बघ, ती बॉलकडे बघतच नाहीये, क्लार्कच्या कमरेकडे बघतेय," म्हणाली.

कालपासूनचं तिचं पहिलं लांब वाक्य.