मेनफ्रेमला काही होत नाही, भाऊ

नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसात सायबर सुरक्षेची मीटिंग लागली की लॅपटॉप, वायफाय आणि फिशिंगवर मनसोक्त बोलावं. एखाद्या नव्या पोराने मेनफ्रेमचं, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या त्या मोठ्या संगणकाचं, नाव काढलंच तर हसून म्हणावं, ‘बाप्पा, त्याले कोन हॅक करते?’ आयबीएमच्या 1964 च्या सिस्टीम/360 पासूनचं खानदान आहे, एवढा पुरावा पुरे.

टर्मिनलवरून पासवर्ड उघडाच जातो म्हणे. जाऊ द्या! टीएलएसच्या, म्हणजे वाटेतला मजकूर कुलूपबंद करायच्या, भानगडीत पडू नका. आपली अक्षरं एब्सिडिक या मेनफ्रेमच्या वेगळ्या अक्षर-संकेतात असतात. जगाचा ए म्हणजे 41, आपला सी1. कोणाच्या बापाला कळणार? (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये एक पर्याय निवडला की सगळं वाचता येतं, पण हे मीटिंगमध्ये बोलायचं नसतं.)

आयबीएमयूजर हा मेनफ्रेमसोबत तयार येणारा आयडी आणि एसवायएस1 हा त्याचा पासवर्ड तर मॅन्युअलातच छापलेला. सुरुवातीचं काम झालं की तो बंद करा, असंही तिथेच लिहिलंय. पण एवढं पुढचं पान कोण वाचतो?

रॅकएफ, म्हणजे कोणाला काय उघडू द्यायचं ते ठरवणारा मेनफ्रेमचा राखणदार. त्यातला वॉर्निंग मोड ही फारच सभ्य सोय. परवानगी नसलेला माणूस फाइल मागतो. सिस्टीम इशारा देते, नोंद करते आणि फाइलही देते. लग्नाच्या हॉलच्या दारात बसलेले काका जसे नाव लिहून घेतात आणि ‘जेऊन जा’ म्हणतात, तसंच. चाचणीपुरता लावलेला हा मोड काढायची तारीख कोणीतरी ठरवली होती. ते कोणीतरी आता पुण्यात असतं.

रॅकएफमधले स्पेशल, म्हणजे सगळ्यांचे हक्क ठरवायचे, अधिकार असलेले साहेब रिटायर होऊन मनीषनगरात कुंड्यांना पाणी घालतात. त्यांचा आयडी मात्र राहू द्या. रात्रीचे अर्धे जॉब त्यावरच सुटतात. कोणते, ते साहेबांनाच ठाऊक.

कोणी 2012 ची स्वीडनची गोष्ट काढेल. लॉजिका कंपनीच्या मेनफ्रेममध्ये शिरून रॅकएफचा डेटाबेसच उचलून नेला होता, मग पासवर्ड निवांत बसून फोडले. ‘तिकडे थंडी फार, लोकांना दुसरं काम काय?’ असं उत्तर द्यावं. आपल्या डेटाबेसच्या बॅकअपवर यूएसीसी रीड आहे का, म्हणजे साधा आयडीवालाही तो वाचू शकतो का, हे तपासू नये. तपासलं की तिकीट काढावं लागतं.

ऑडिटर मुंबईचा असेल तर त्याला मे महिन्यातच बोलवा आणि दुपारी सावजी मटण खाऊ घाला. त्यानंतर माणूस पाणी मागतो, लॉग मागत नाही. चेकलिस्टवर मेनफ्रेमसमोर ‘लागू नाही’ लिहून घ्यायला हीच वेळ साधा.