कामगारामागे डिटेक्टिव्ह लावण्याआधी

‘तुमच्या स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी मत देऊन हेरगिरी मंजूर केली. आम्ही मागितली की लगेच हुकूमशाही?’ शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने मला हा टोला हाणला. त्याचं प्रेस शॉप आहे, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग काढायचं वर्कशॉप. विषय होता कामावर जखमी झालेल्यांच्या भरपाईचा. त्याच्या मते दावे बहुतेक बोगस असतात, तेव्हा विमा कंपन्यांनी माणसं मागे लावावीत, व्हिडिओ काढावेत आणि प्रकरण निकालात काढावं. त्यावर एका वकील मैत्रिणीने सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा पुट्टास्वामी निकाल पुढे केला : खासगीपणा मूलभूत हक्क आहे, चर्चा बंद. मग सगळ्यांना माझं मत हवं होतं, कारण मी ‘तिकडे’ राहतो.

विमा कंपन्यांना दावेदारांमागे डिटेक्टिव्ह लावू द्यायचे का, यावर मतदान झालं हे खरं. २५ नोव्हेंबर २०१८ ला. शिंगं न कापता गाई पाळणाऱ्या शेतकऱ्यांना जादा अनुदान द्यावं का, यावरही इथल्या लोकांनी त्याच दिवशी कौल दिला. गाई हरल्या, डिटेक्टिव्ह ६४.७ टक्क्यांनी जिंकले. परदेशी असल्यामुळे मला मत नव्हतं. असतं तर मी विरोधात टाकलं असतं.

पण मित्र अर्धीच गोष्ट सांगतो. इथे विमा कंपन्या आधीपासूनच लोकांच्या मागे माणसं लावत होत्या. १९९५ मध्ये मोटरसायकलची धडक बसलेल्या एका बाईचा विमा कंपनीशी वर्षानुवर्षं वाद चालला होता, आणि कंपनीने तिच्यावर गुप्तपणे पाळत ठेवली. ती थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की अशी पाळत ठेवायला तुमच्याकडे पुरेसा स्पष्ट कायदाच नाही, त्यामुळे हा तिच्या खासगी आयुष्यावरचा घाला आहे. त्यानंतर संसदेने कायदा केला, त्याविरुद्ध लोकांनी सह्या गोळा केल्या आणि प्रकरण मतपेटीत गेलं.

त्या कायद्यात काय आहे तेही बघा. गैरफायदा घेतल्याची ठोस चिन्हं हवीत, नुसता वास आला म्हणून चालत नाही. सहा महिन्यांत जास्तीत जास्त ३० दिवस. सार्वजनिक जागी, किंवा तिथून सहज दिसेल तेवढंच टिपायचं. जीपीएस लावायचं तर न्यायालयाची परवानगी. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम : निर्णय देण्याआधी त्या माणसाला सांगायचं, की आम्ही तुझ्यावर नजर ठेवली होती. तरीही मी विरोधात, कारण साध्या चित्रीकरणाला न्यायाधीश लागत नाही. शंका घेणारा, माणूस मागे लावणारा आणि त्यातून पैसे वाचवणारा एकच असतो.

हे कागदावरचं झालं. माझ्या वरच्या मजल्यावर एक पोर्तुगीज गवंडी राहतो. परांचीवरून पडला, मणक्याला मार लागला. विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा त्याच्या जर्मनपेक्षा माझं जर्मन बरं म्हणून त्याच्यावर ठेवलेल्या पाळतीची फाईल आम्ही माझ्या टेबलावर वाचली. सकाळी ०९:१४, डिकीतून पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उचलला. ०९:१६, दुसरा उचलला. ०९:१७, डाव्या हाताने कंबर धरली. क्रेट उचलता येतो का हा वाद कधीच नव्हता. आठ तास, आठवड्याचे पाच दिवस ते करता येईल का, हा होता. आणि त्याचं उत्तर तीन मिनिटांच्या चित्रात मावत नाही. त्याच्या बाबतीत संशय खरा ठरला नाही. अशा वेळी सगळं नष्ट करतात, पण संबंधिताने मागितलं तर फाईलमध्ये ठेवतात. त्याने ठेवायला लावलं, पुढे कोणी विचारलंच तर असावं म्हणून. पण आता तो मुलाला लिफ्टमध्येसुद्धा उचलून घेत नाही. पिशव्या बायको वाहते, आणि आमच्या इमारतीतल्या आजीबाई त्याला आळशी म्हणतात.

पाळत अशाच दुखण्यांवर असते : पाठ, मान, मन. एक्स-रेमध्ये धड न दिसणारी. मित्राच्या शॉपमध्ये जातात ती बोटं. आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात त्यांची टक्केवारीच दिली होती. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्क्यांनी. तुटलेल्या बोटाचा व्हिडिओ काढून कोणता डिटेक्टिव्ह काय सिद्ध करणार? पाठीचं दुखणं घेऊन आपल्याकडचा कामगार दाव्यापर्यंत पोहोचतो तरी किती वेळा?

कागदावर आपण स्विसांच्याही पुढे आहोत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इथे अपघातानंतर तिसऱ्या दिवसापासून पगाराच्या ८० टक्के मिळतात. आपल्या ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, तात्पुरत्या अपंगत्वाला ९० टक्के. पण शेजारी फाईल वाचत होता तेव्हाही त्याचे पैसे चालू होते, कारण तो कामगार आहे का हा प्रश्नच कोणी काढला नव्हता. आपल्याकडे भांडण तिथूनच सुरू होतं. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेने वर्षानुवर्षं नोंदवलं आहे, की अनेकांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यानंतर मिळतं. म्हणजे बोट आधी जातं, नोकरी नंतर लागते! मी मित्राला विचारलं, तुझ्याकडच्या कंत्राटी पोरांपैकी किती जण ईएसआयमध्ये आहेत? म्हणाला, ते कंत्राटदार बघतो. कायदा तसं म्हणत नाही. १९२३ चा कायदा मूळ मालकालाही जबाबदार धरायचा, आणि त्याची जागा घेणारी नवी संहिताही धरते.

बोगस दावे नसतात असं मी म्हणत नाही. मोटार अपघातांच्या बोगस दाव्यांत उत्तर प्रदेशात वकिलांची नावंही आली. पण ते संगनमत कागद तपासून बाहेर काढता येतं, त्यासाठी पायाचं प्लास्टर सोडलेल्या माणसामागे बाईक फिरवावी लागत नाही.

मैत्रिणीचंही मला पुरेसं वाटत नाही. पुट्टास्वामी निकाल उद्या कोर्टात कामाला येईल. आज विमा कंपनीने कोणाला मागे लावलं तर त्याला परवाना कोणी दिला, हे कोणाला विचारायचं? खासगी डिटेक्टिव्ह संस्थांवर नियंत्रण आणणारं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली गेली ती काही मतदान घेऊन नाही.

नव्या श्रमसंहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. मित्राने ते कंत्राटी पोरांना पहिल्याच दिवशी द्यावं, ईएसआयचा नंबर त्यावर छापावा, आणि हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर उत्पादन वाढवायला काढून ठेवू नये. त्यानंतर कोणाच्या दाव्यावर त्याला खरंच शंका आली, तर स्विस कायद्यातली ३० दिवसांची मर्यादा आणि ‘आधी सांगा’ हे कलम मी स्वतः भाषांतर करून त्याला पाठवेन. फक्त एक दुरुस्ती करून : चित्रीकरणाची परवानगी न्यायाधीशाची.