ध्रुवाकडे तोंड केलं की झालं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. तीस वर्षं आकाश बघताय असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेतल्या पोरांना गुरू दाखवायच्या रात्रीवर लिहिलेल्या माझ्या लेखात दुर्बीण लावायला दीड तास लागल्याचं रडगाणं गाऊन मी नवख्यांना घाबरवतोय, माउंटचं (दुर्बीण ज्यावर बसते त्या फिरत्या बैठकीचं) तोंड ध्रुवाकडे केलं की काम झालं, आणि तुमच्या डॉब्सोनियनवर (साध्या बैठकीवरची, हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) गुरू दोन मिनिटांत दिसतो.

शेवटचं आधी घेतो. दिसतो, शंकाच नाही. एकटा असेन तर मीही डॉब्सोनियनच उचलेन. पण त्या रात्री भोरजवळच्या एका वाडीत शाळेची चाळीस पोरं रांगेत होती. माझी दुर्बीण सहा इंची, ७५० मिमी फोकल लांबीची. १० मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावला की ७५ पट मोठं दिसतं आणि गुरू पावणेतीन मिनिटांत या टोकाकडून त्या टोकाला पळतो. एक पोर उतरून दुसरं स्टुलावर चढेपर्यंत, त्याचा कोणता डोळा मिटायचा हे ठरेपर्यंत, गुरू गेलेला असतो. मोटारीचं माउंट नेलं ते त्यासाठी. ते पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दुर्बीण फिरवत राहतं, म्हणून त्याचा अक्ष ध्रुवाकडे असावा लागतो.

आता ध्रुव. ढोबळ लावणं पुरतं, हे तुमचं बरोबर. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा जरा जास्तच दूर आहे, पण फोटो न काढता दुर्बिणीतून फक्त बघायचं असेल तर तेवढ्याने बिघडत नाही. अडचण आहे ती ध्रुव सापडण्याची. युरोपात तो चांगला वर, पन्नास अंशांच्या आसपास असतो. भोरला फक्त १८ अंशांवर, म्हणजे हात ताणून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली. तिथे धूळ असते, गावाचे दिवे असतात आणि त्या रात्री एक आंब्याचं झाडही होतं.

आणि आता लेखात लपवलेली गोष्ट सांगून टाकतो, कारण तुम्ही ती बरोबर हुंगलीत. मी ध्रुव म्हणून जो तारा धरला तो ध्रुव नव्हताच. फेब्रुवारीत रात्री अकराच्या सुमारास ध्रुवमत्स्यातला (ध्रुव ज्यात आहे त्या तारकासमूहातला) दुसरा ठळक तारा, कोचाब, साधारण तेवढ्याच उंचीवर पण सोळा अंश उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे असतो. तेजही जवळपास सारखंच, रंगाने किंचित तांबूस. खरा ध्रुव आंब्याआड. सप्तर्षीतल्या पुलह-क्रतू या दोन ताऱ्यांची रेघ खाली ध्रुवापर्यंत ओढून बघायला दहा सेकंद लागली असती. नाही बघितली. मोटार चालू असून गुरू दर पाच-सात मिनिटांनी वर-खाली सरकायला लागला, तेव्हा मी बॅटरीला शिव्या देत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला मृग डोक्यावर आल्यावर चूक कळली. मृगाच्या पोटातल्या बाणाचा सर्वांत आधी उगवणारा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या वर्तुळावर) आहे. तो मध्यावर आणून मोटार चालू ठेवायची आणि नुसतं बघत बसायचं. तो दक्षिणेकडे सरकला तर माउंटचा अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला गेलाय. माझा भराभर दक्षिणेला गेला. (दुर्बिणीतल्या उलट्या चित्रात दक्षिण कुठली? नळी हलकेच ध्रुवाकडे ढकलायची. तारा ज्या बाजूला जाईल ती दक्षिण.)

कोलिमेशनबद्दल (दुर्बिणीतले आरसे एका रेषेत आणण्याबद्दल) मात्र मी मागे हटणार नाही. तुमच्या डॉब्सोनियनमध्येही आरसेच आहेत. घाटातून गाडीच्या डिकीत आदळत नेल्यावर ते जागेवर राहतील ही आशा मी सोडलीय. ठळक तारा मध्यावर घेऊन फोकस बिघडवायचा की कड्या दिसतात आणि मधे काळा ठिपका. ठिपका एका बाजूला सरकलेला असेल, तर नळीच्या तोंडाशी बोट धरून कडेकडेने फिरवायचं. बोटाची सावली कड्या दबलेल्या बाजूला आली की त्या रेषेतला मागचा स्क्रू धरायचा. अष्टमांश फेरा दिला की तारा पळतो, परत मध्यावर आणायचा, परत बघायचं. अंधारात, थंडीत, पाठीमागे चाळीस पोरं "सर, दिसला का?" म्हणत असताना. याला रडगाणं म्हणा हवं तर. पण हे कोणी सांगत नाही म्हणून नवखा समजतो की दुर्बीणच खराब निघाली, आणि ती माळ्यावर जाते. माझी पहिली अशीच गेली होती.

मूळ लेखात एक दुरुस्ती केली आहे. "ध्रुव झाडाआड असेल तर अंदाजाने लावा" हे वाक्य काढून "ट्रायपॉड उचला आणि दहा पावलं सरका" असं घातलंय.