हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागलेला नाही

१८ ऑगस्ट जवळ आला की हा मजकूर फिरू लागतो: '१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावर दुर्बीण लावून हेलियम शोधला. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे याची साक्ष देतात.' अभिमानाने पुढे पाठवावं असंच हे वाटतं, पण ते खरं नाही.

त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हतेच. ते इंग्लंडमध्ये होते. युद्धखात्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात सूर्याचे वेध. ग्रहण बघायला गुंटूरला होते फ्रान्सचे पिएर जान्सेन, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. सूर्यकडेच्या ज्वाळांच्या वर्णरेषा (प्रकाश रंगांत फाकवला की दिसणाऱ्या, प्रत्येक मूलद्रव्याच्या वेगळ्या रेषा) जान्सेन यांना इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण संपल्यावरही त्या दिसतील, हे त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या पाहिल्या. लॉकियर यांनी हेच स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला साधलं, इंग्लंडातून, ग्रहणाशिवाय. सोडियमच्या जोडरेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा त्यांनी नोंदवली. नव्या मूलद्रव्याचा, म्हणजे हेलियमचा, तर्क त्या रेषेवरून पुढे आला. या सगळ्यात विजयदुर्ग कुठेच नाही.

मग ओटे? लॉकियर किल्ल्यावर आले होते, हे खरं. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, ३० वर्षांनी. 'मेलपोमीन' युद्धनौकेवरचे लोक त्यांच्या मदतीला होते. ओट्यांचा संबंध लॉकियर यांच्याशी जोडायचा तर तो याच मुक्कामाशी जोडता येईल. तोवर विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्ये लंडनला खनिजातून हेलियम मिळवलाही होता. शोधायचं काही शिल्लकच नव्हतं.

या चुकीच्या मजकुरामुळे आपलाच एक माणूस झाकला जातो, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याच १८९८ च्या ग्रहणात सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला स्वतःची मोहीम घेऊन गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच उतरले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला प्रमुख होते. २० इंची परावर्तक दुर्बीण त्यांच्या हाताखाली होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. विजयदुर्गाविषयी लिहाल तेव्हा तारीख २२ जानेवारी १८९८ लिहा, आणि लॉकियर यांच्या शेजारी नायगमवाला यांचंही नाव लिहा.