‘गुडघ्यांचं वाटोळं’ या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर ‘एक जुना सायकलवाला’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. खाली दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हे वेगळं लिहितो आहे. लेख होता तीन चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकत्यांच्या) जुन्या एमटीबीला, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलला, पुढे एकच चेनरिंग बसवण्याबद्दल: ४४, ३२ आणि २२ दात्यांच्या रिंग काढून एकटी ३२ ची रिंग, आणि मागे ११ ते ३४ दात्यांच्या जागी ११ ते ४६ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच. त्यावर हे गृहस्थ लिहितात, "यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून सायकल खोलणाऱ्या आजकालच्या पोरांनी लोकांना शिकवू नये. बावीसची रिंग काढून सिंहगड चढायला सांगणं म्हणजे फॅशनपायी गुडघ्यांचं वाटोळं करणं." पुढे खर्च, चेनची झीज आणि हायवेवरचा वेग अशा तीन तक्रारी आहेत.

महाशय, मी पोर नाही. पन्नाशी ओलांडली आहे. माझ्या मामांचं नारायण पेठेत सायकलचं दुकान होतं, तासावर भाड्याने सायकली द्यायचे. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या दुकानात काढल्या आहेत. कॉटर पिन ठोकणं, चाकाची आउट काढणं, ग्रीसमध्ये छर्रे एकेक करून बसवणं हे मी मामांच्या हाताखाली शिकलो, आणि एक छर्रा कमी भरला तर मामा सगळं परत खोलायला लावत. तेव्हा यूट्यूब नव्हतं. आज मी व्हिडिओ बघतो, जरूर बघतो, कारण मामांच्या काळात मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, हा प्रकारच दुकानात येत नव्हता. नवीन गोष्ट बघून शिकण्यात कमीपणा कसला? तुम्ही स्वतःला जुने म्हणवता, पण नाव लिहीत नाही आणि आकडा एकही देत नाही. चार लोकांसमोर एखाद्याला अडाणी ठरवायचं असेल तर निदान नावानिशी ठरवावं.

आता गुडघे. तुम्ही २२ आणि ३२ यांची तुलना करून मोकळे झालात, मागची कॅसेट बघितलीच नाही. पेडलला जोर किती लागणार हे पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून ठरतं. जुना सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. त्याच्या पुढचा २२ भागिले ३०, म्हणजे ०.७३. माझा सर्वांत हलका ३२ भागिले ४६, म्हणजे ०.७०. जुन्या पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या जवळजवळ मधोमध. अर्ध्या गिअरच्या फरकाने गुडघ्यांचं वाटोळं होत असेल, तर सिंहगडावर दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्या प्रत्येकाचं आजवर झालं असतं. ज्यांना तेवढाही फरक नको त्यांनी ३० ची रिंग घ्यावी. मग आकडा परत ०.६५ वर येतो. मात्र रिंगच्या बोल्टांचं वर्तुळ १०४ मिलिमीटरचं असलेल्या साध्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) सहसा ३२ पेक्षा लहान रिंग बसत नाही, ३० साठी खास त्या मापाला बनवलेली घ्यावी लागते. हे सगळं लेखात होतं. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असेल असं मला वाटत नाही.

माझे गुडघेही वयाप्रमाणे कुरकुरतात, आणि गोळेवाडीच्या नाक्यापासून वर गडापर्यंत मी याच सायकलने जातो. गुडघा दुखायचा तो सीट खाली असल्यामुळे. उंची नीट केल्यावर थांबला.

फॅशन हा शब्द तर मला फारच लागला. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पावसाळ्यात या एकदा. मुरमाच्या उतारावरून खाली येता आणि वळणापलीकडे अचानक चढ उभा राहतो. अशा वेळी पेडलवर पूर्ण जोर असताना पुढची चेन ३२ वरून २२ वर टाकायची म्हणजे काय होतं, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे. चिखलाने भरलेला पुढचा डिरेलर चेन ढकलतो ती थेट फ्रेम आणि रिंगच्या मधल्या फटीत, आणि माणूस पाय टेकून चिखलात बोटं घालत बसतो. एकच रिंग असली की डाव्या हाताला फक्त ब्रेक राहतो. रिंगचे दाते एक जाड, एक बारीक असे असतात, ते चेनच्या कड्यांत घट्ट बसतात, म्हणून चेन उडत नाही. सायकलचे गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१२ साली एक्सएक्स-वन हा गिअरचा संच आणला तो असाच, पुढच्या डिरेलरशिवाय. २०१६ मध्ये मागे १०-५० ची कॅसेट आली, २०२० मध्ये शिमानो कंपनीच्या डिओर या संचात १०-५१ ची. इतकी वर्षं टिकलेल्या गोष्टीला फॅशन म्हणत नाहीत.

आणि जुन्या सायकलच्या ज्या २७ गिअरचा (पुढच्या तीन गुणिले मागच्या नऊ) तुम्हाला अभिमान आहे, त्यातले ४४-३० (पुढे ४४ दाते, मागे ३०) आणि २२-१५ अगदी एकच आहेत. ४४-२६ आणि २२-१३ ही एकच, ४४-३४ आणि २२-१७ ही एकच. भागून बघा.

वेगाचं तुमचं म्हणणं मान्य. ४४-११ वर पेडलच्या मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर साडेसत्तावीस इंची चाकावर ताशी ४६ किलोमीटर पडतात, ३२-११ वर ३४. पहाटे ग्रुपबरोबर लोणावळ्याला जाणाऱ्याने हा बदल करू नये. पण माझा लेख टेकडीवर चालवणाऱ्यांसाठी होता आणि तसं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं.

खर्चाचं म्हणाल तर ज्याला परवडेल तो करेल. चेन झिजते, झिजली की बदलायची. यावर वाद घालण्यात मला रस नाही.

बाकी वाचकांसाठी एक सांगतो, कारण या प्रतिक्रियेमुळे दोघांनी काम मध्येच थांबवल्याचं कळवलं आहे. थांबू नका. फक्त जुना मागचा डिरेलर ४६ वर चढेल या भरवशावर राहू नका, तो ३४-३६ दात्यांसाठी बनवलेला असतो, त्यामुळे क्लच (चेन सैल पडू न देणारी कळ) असलेला नवा घ्या. आणि चेन कापण्याआधी ती डिरेलर वगळून पुढच्या रिंगवर आणि मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर गुंडाळा, वर दोन कड्या जास्त ठेवा, मगच पिन काढा.

‘जुना सायकलवाला’ यांनी पुन्हा लिहायचं असेल तर नाव आणि स्वतःच्या सायकलचे दाते लिहून पाठवावेत. त्याशिवाय मी उत्तर देणार नाही.