निम्रोद हिब्रू आहे की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. निम्रोद या नावावरच्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्देसूदही आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निम्रोद हे मुळात बॅबिलोनकडचं नाव, अर्थ ‘चित्त्याला वश करणारा’, त्याला हिब्रू म्हणणं चूक. ज्यू परंपरेत तो खलनायक, त्यामुळे कुठलाही ज्यू बाप मुलाचं नाव निम्रोद ठेवणार नाही. बाळांच्या नावांच्या एका संकेतस्थळावर हे नाव अमेरिकेत ‘शंभर टक्के वाढलं’ असं दिसतं, मग ते दुर्मीळ कसं? आणि शेवटचा मुद्दा, अमेरिकेत ही चक्क शिवी आहे आणि ती कार्टूनमधल्या बग्ज बनीमुळे झाली, हे मी लिहिलंच नाही.

पहिल्या मुद्द्यात तुम्ही दोन प्रश्न एकत्र केले आहेत. नाव ज्याचं, तो माणूस कुठला, हा एक प्रश्न. ते नाव आज ज्या रूपात ठेवलं जातं ते रूप कुठल्या भाषेतलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मेसोपोटेमिया, यात वाद नाही. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 10व्या अध्यायात निम्रोद हा कूशाचा मुलगा, म्हणजे हामाचा नातू आणि नोहाचा पणतू. त्याच्या राज्याची सुरुवात शिनार देशातल्या बाबेल, एरक, अक्काद या शहरांपासून. पुढे निनवे आणि कालह. सगळा आजच्या इराकचा नकाशा. पण तिथल्या प्राचीन कीलाकार लिपीतल्या लेखांत ‘निम्रोद’ नावाचा राजा कुठेच सापडत नाही. म्हणून अभ्यासक त्याच्यामागे कोण दडलंय ते शोधत बसतात. कुणी निनुर्ता या युद्ध आणि शिकारीच्या देवाकडे बोट दाखवतं. कालहमध्ये त्याचं मोठं देऊळ होतंच. कुणी बॅबिलोन जिंकणाऱ्या पहिल्या तुकुल्ती-निनुर्ताचं नाव घेतं, तर कुणी अक्कादच्या सार्गोन आणि नराम-सिन यांच्या आठवणी एकत्र होऊन हे पात्र घडलं असं मानतं. मला शेवटचा तर्क जास्त पटतो, कारण यादीत अक्काद ठळकपणे आलेलं आहे आणि ‘कूश’मध्ये सार्गोनच्या किश शहराचा घोळ झालेला असणं सहज शक्य आहे. पण तो तर्कच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र हिब्रू हेच. आपल्यापर्यंत आलेलं रूप हिब्रू बायबलातलं आहे, आणि हिब्रू कानाला ते परकं वाटतच नाही. ‘मारद’ म्हणजे बंड करणे. त्याचं भविष्यकाळातलं प्रथमपुरुषी अनेकवचन होतं ‘निम्रोद’: आम्ही बंड करू. मूळ नाव काहीही असो, बायबल लिहिणाऱ्यांच्या कानावर ते असं पडत होतं, आणि पुढची दोन हजार वर्षं परंपरेने याच अर्थावर इमले चढवले. ‘चित्त्याला वश करणारा’ हा तुम्ही दिलेला अर्थ 19व्या शतकात पसरलेली जुळवाजुळव आहे. नावांची संकेतस्थळं तो एकमेकांवरून उतरवून घेतात. अरबीतलं ‘निम्र’ हे नाव वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.

आता खलनायकाकडे. मूळ बायबलात निम्रोद वाईट आहे असं एकही वाक्य नाही. त्याचा उल्लेख येतो उत्पत्तीत, ‘पहिला इतिहास’ या पुस्तकातल्या वंशावळीत आणि मीखाच्या पुस्तकात, तिथे अश्शूरला (असिरियाला) ‘निम्रोदाचा देश’ म्हटलंय. बास. तो बलाढ्य होता, परमेश्वरासमोर मोठा पारधी होता, एवढंच. बाबेलचा बुरूज 11व्या अध्यायात येतो आणि त्यात निम्रोदाचं नावही नाही. ते जोडलं पहिल्या शतकात जोसेफस या ज्यू इतिहासकाराने. अब्राहामाला धगधगत्या भट्टीत टाकणारा राजा म्हणजे निम्रोद, ही कथा मिद्राशातली, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या जुन्या कथा-भाष्यांतली. तीच पुढे इस्लामी परंपरेत आली. कुराणात अब्राहामाशी वाद घालणाऱ्या राजाचं नाव दिलेलं नाही, भाष्यकारांनी ते नमरूद असं दिलं. उर्दू शायरीतली ‘नमरूद की ख़ुदाई’ आली ती इथूनच.

आणि ज्यू भाष्यकारांचंही यावर एकमत नव्हतं. 11व्या शतकातला राशी म्हणतो, निम्रोदाने सगळ्या जगाला देवाविरुद्ध बंड करायला लावलं. 12व्या शतकातला इब्न एज्रा त्याच वाक्यावर लिहितो की सांगितलेलं नसेल तर प्रत्येक नावाचं कारण शोधत बसू नका. ‘परमेश्वरासमोर पारधी’ याचा अर्थ तो शिकार करून तिचा बळी देवाला वाहत असे. मग 13व्या शतकातला भाष्यकार रामबान इब्न एज्रावर उखडतो: हा दुष्टाला सज्जन ठरवतोय, आपल्या पूर्वसूरींना त्याचा दुष्टपणा परंपरेने ठाऊक होता! बहुमत राशी-रामबान यांच्या बाजूने गेलं हे खरं. शिवाय दुष्टांची नावं मुलांना ठेवू नयेत असा स्पष्ट निर्देश तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात आहे (योमा 38ब). त्यामुळे धार्मिक घरांपुरतं तुमचं म्हणणं योग्यच आहे. तिथे हे नाव ठेवत नाहीत.

पण ‘कुठलाही ज्यू’ म्हणालात तिथे गाडी रुळावरून घसरली. इस्रायलमध्ये निम्रोद नावाची माणसं भरपूर आहेत, आणि ती जवळपास सगळी निधर्मी घरांतली. याची पाळंमुळं 1930 आणि 40च्या दशकांतल्या तेल अवीवमध्ये आहेत. योनातान रातोश या कवीभोवती एक छोटा गट जमला. त्यांचं म्हणणं असं की इथे जन्मलेली पिढी ‘ज्यू’ नव्हे, ‘हिब्रू’ आहे. तिचं नातं युरोपातल्या सिनेगॉगशी नाही, तर धर्मग्रंथांच्याही आधीच्या प्राचीन पूर्वेशी आहे. विरोधकांनी चिडवायला त्यांना ‘कनानी’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. या विचाराचं दृश्य रूप म्हणजे इत्झाक डान्झिगरने 1939मध्ये पूर्ण केलेलं ‘निम्रोद’ हे शिल्प. पेट्राहून आणलेला तांबूस वालुकाश्म, उंची मीटरभराच्या आतच, खांद्यावर ससाणा, पाठीमागे धनुष्य. अंगावर कपडा नाही, आणि सुंताही झालेली नाही! हा शेवटचा तपशील मुद्दाम ठेवलेला आहे. अब्राहामाच्या देवाशी झालेल्या कराराची खूणच शरीरावर नसलेला हिब्रू वीर. धार्मिक मंडळी भडकली नसती तरच नवल. आज ते शिल्प जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे.

कनानी गट राजकारणात कधीच मोठा झाला नाही. पण रानात हिंडणारा, कुणापुढे मान न तुकवणारा देशी तरुण ही प्रतिमा त्या गटाबाहेरही लोकांना भावली, आणि बंडखोर हा अर्थ दोष न राहता गुण ठरला. निम्रोद त्यात एकटा नाही. राजांच्या पुस्तकात ज्याला नावं ठेवली आहेत तो ओम्री, किंवा चक्क कनानी देवी अनात, ही नावंही आज इस्रायलमध्ये बिनदिक्कत ठेवली जातात. तेव्हा ‘परंपरेत वाईट, म्हणून कुणी ठेवत नाही’ हा तर्क इस्रायलला लागू करताना घर कसलं ते आधी विचारायला हवं.

हंगेरीची तर तऱ्हाच वेगळी. 13व्या शतकातल्या केझाच्या सिमोनच्या बखरीत हुनोर आणि मागोर या भावांचा, म्हणजे हूण आणि मग्यार लोकांच्या मूळपुरुषांचा, बाप ‘मेन्रोत’ आहे, आणि तो निम्रोदच मानला जातो. त्यामुळे तिथे ‘निम्रोद’ (ओ लांब उच्चारायचा) हे ज्यू नसलेल्या मुलांचं, देशाभिमानी वळणाचं नाव आहे. हंगेरीतला आकडा हिब्रू नावाच्या खात्यावर जमा करू नका.

आता त्या शंभर टक्क्यांबद्दल. अमेरिकेतली नावांची आकडेवारी सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेच्या अर्जांवरून तयार होते आणि ती कुणालाही उतरवून घेता येते: 1880पासून प्रत्येक जन्मवर्षाची एक फाइल, ओळीत नाव, लिंग आणि संख्या. ती वाचताना घोळ होतो तो चार ठिकाणी.

एका वर्षी एका लिंगाच्या पाचपेक्षा कमी बाळांना मिळालेलं नाव फाइलमध्ये येतच नाही. म्हणजे नाव दिसलं नाही तर संख्या शून्य ते चार यांपैकी काहीही असू शकते. (इंग्लंड-वेल्समध्ये ही मर्यादा तीनची आहे, म्हणून दोन देशांच्या याद्या शेजारी ठेवून ‘तिथे आहे, इथे नाही’ म्हणू नये.) दुसरं, प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजलं जातं, निम्रोद आणि निमरूद यांची बेरीज आपल्यालाच करावी लागते. तिसरं, तळाशी क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. पाच-पाच बाळं असलेली नावं हजारोंनी असतात, एखादं बाळ वाढलं की नाव शेकडो पायऱ्या चढतं. आणि चौथं, 1937पूर्वी जन्मलेल्या अनेकांनी हा अर्ज कधी केलाच नाही, त्यामुळे जुन्या वर्षांचे आकडे मुळातच तोकडे आहेत.

आता गणित करा. वर्षाला सुमारे 36 लाख जन्म, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त मुलगे. एका वर्षी पाच निम्रोद आणि पुढच्या वर्षी दहा, तर वाढ शंभर टक्के, आणि प्रत्यक्षात पाच बाळं. एखाद्या शहरात चार-पाच इस्रायली जोडपी नोकरीसाठी येऊन राहिली तरी असा आलेख उभा राहील. दुर्मीळ नावासाठी एका वर्षाचा आकडा कधीच वापरू नये. सलग 10 वर्षांची बेरीज घ्यायची आणि ती आधीच्या 10 वर्षांशी ताडून पाहायची. तरीही गाळलेली वर्षं राहतातच, म्हणून निकाल ‘किमान इतके’ असाच लिहायचा.

इस्रायलच्या यादीतही एक खाच आहे. 2014मध्ये तिथल्या लोकसंख्या विभागाने जाहीर केलेल्या यादीत मुलग्यांमध्ये योसेफ पहिला होता आणि मोहम्मद गायब! विचारल्यावर उत्तर मिळालं की यादी फक्त हिब्रू नावांची होती. म्हणून क्रमांकाआधी शीर्षक वाचा: सगळी बाळं, की फक्त ज्यू बाळं? शिवाय शोधताना दोन्ही वर्तनी टाका. उत्पत्तीत हे नाव ‘वाव’ या अक्षराशिवाय, चार अक्षरांत लिहिलंय. आजचे इस्रायली ‘वाव’ घालून पाच अक्षरांत लिहितात.

शिवीबद्दल थोडक्यात. अमेरिकी इंग्रजीत ‘मूर्ख’ या अर्थाने हा शब्द चालतो, खरं आहे. पण श्रेय सगळं बग्ज बनीला देता येत नाही: 1948च्या एका कार्टूनमध्ये एल्मर फडला ‘माझा छोटा निम्रोद’ म्हणतो तो डॅफी डक. शिकार न जमणाऱ्या शिकाऱ्याला उपरोधाने मारलेला टोला, आणि बायबल न वाचलेल्या मुलांना त्यातला उपरोध कळला नाही, असा हा खुलासा. तो पटण्यासारखा आहे, पण शब्दाची छापील उदाहरणं 1930च्या दशकापासून दाखवली जातात, म्हणून कार्टूनने शब्द जन्माला घातला असं न म्हणता पसरवला असं म्हणावं. ब्रिटनमध्ये याच नावाने आठवते ती संगीतकार एल्गारची 1899ची गंभीर सुरावट, दरवर्षी युद्धस्मृतिदिनी वाजणारी. ती त्याने आपला मित्र येगर याच्यासाठी रचली. जर्मनमध्ये येगर म्हणजे शिकारी.

तेव्हा नाव सुचवताना मूल कुठे वाढणार हे विचारणं भाग आहे. अमेरिकेतल्या शाळेसाठी मी हे नाव सुचवणार नाही. तेल अवीव किंवा बुडापेस्टसाठी हरकत नाही. मराठीत लिहायचं तर मराठी बायबलातलं ‘निम्रोद’ हेच रूप ठेवावं, ‘निमरॉड’ नको. बायबलातल्या हिब्रू उच्चारात जोर शेवटच्या ‘रोद’वर.

त्या संकेतस्थळावरचं नेमकं वर्ष आणि बाळांची मूळ संख्या तुमच्याकडे असेल तर खाली टाका. टक्केवारी नको, संख्याच हवी. सरकारी फाइलमधल्या त्या वर्षाच्या ओळीशी ती लगेच पडताळून पाहता येईल.